मागे दुमडलेलं पिल्लू

उन्नती नायगावला निघाली ती भांडायलाच. आणि का भांडू नये? अख्खा उन्हाळा तुंगारेश्वरच्या जंगलात पहाटेपासून पाणवठ्याशी डास खात बसली, तेव्हा कुठे पिल्लाला चाटणारी भेकराची मादी तिच्या कॅमेऱ्यात आली. जितेश नावाच्या गृहस्थानं तो फोटो हॉलसाठी विकत घेतला, कॅनव्हासवर छापून भिंतीवर टांगला आणि कौतुकानं स्टेटसला ठेवला. त्यात मादी होती, जीभ बाहेर काढलेली. चाटायला समोर कुणीच नव्हतं.

वसईच्या फ्रेमवाल्या एरॉलला तिनं आधी फोनवर फैलावर घेतलं.

"कापलं नाय गं," एरॉल म्हणाला. "सायबाला सोफ्यावरच्या भिंतीच्या मापात पायजे होतं. म्हणून कडेचा भाग चौकटीवरून मागं दुमडला. सगळेच दुमडतात."

सगळे गवत दुमडतात, आभाळ दुमडतात. या मेल्यानं लेकरू दुमडलं होतं.

दिवेलागणीला ती जितेशच्या दारात उभी राहिली. त्याची बायको राधिका पाणी घेऊन आली. चार वर्षांची पिंकी आतल्या खोलीत भातुकली मांडून बसली होती.

"छान दिसतंय की, मॅडम," जितेश म्हणाला. "पिल्लू ठेवलं असतं तर ते एसीखाली आलं असतं."

"आईच्या तोंडासमोरून लेकरू ओढून काढलंत तुम्ही."

"अहो, चित्र आहे ते."

उन्नतीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उलटून बोलणार, तोच राधिकानं हळूच विचारलं, "ताई… भेकर ओरडतं कसं?"

"कुत्र्यासारखं भुंकतं. का?"

"रोज याच वेळेला त्या भिंतीकडून आवाज येतो. मजल्यावर कुणाकडेच कुत्रा नाही…"

"झालं हिचं सुरू," जितेश म्हणाला.

आणि आवाज आला. घसा बसल्यासारखा, कोरडा, एकदाच. पाठोपाठ हॉलभर कुजक्या पाल्याचा आणि चिखलाचा वास पसरला. पाणवठ्याचा तो वास उन्नतीच्या ओळखीचा होता. हातातला पेला तिनं खाली ठेवला; भीतीपेक्षा राग मोठा होता. तिनं सरळ सोफ्यावर चढून चित्र उतरवलं आणि उलटं केलं.

मागच्या बाजूला कापड ताणून स्टेपलच्या पिना ठोकल्या होत्या. एक पिन नेमकी पिल्लाच्या गळ्यातून आरपार गेली होती.

"बघा," ती म्हणाली. ती नखानं पिन उचकटू लागली.

जितेशनं चित्र हिसकावून घेतलं. "आम्ही विकत घेतलंय, मॅडम. खराब करू नका." त्यानं ते परत खिळ्याला अडकवलं, सरळ केलं आणि हात झटकले.

आतून पिंकी खुदकन हसली.

"गुदगुल्या होतात ना… किती चाटतेस गं."

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. चित्रात पाणवठा होता, गवत होतं. मादी नव्हती.

राधिका आत धावली. जितेशनं चित्र खाली ओढलं, गुडघ्यावर बसला आणि नखं फुटेस्तोवर एकेक पिन उपटत सुटला. "निघत नाहीयेत… मॅडम, धरा ना जरा…" तो पुटपुटत होता. उन्नतीनं कापड धरलं. शेवटची पिन निघाली तशी घडी उलगडली. पिल्लाच्या जागी नुसतं पांढरं कापड होतं आणि मधोमध पिनेची दोन भोकं.

राधिका दारात आली. तिनं पिंकीला उराशी घट्ट धरलं होतं. पोरीचा गाल ओलाचिंब होता, आणि गळ्यावर दोन बारीक लाल ठिपके होते. ती दोन्ही हातांनी राधिकाला दूर लोटत होती.

"सोडा ना काकू," ती राधिकाला म्हणाली. "माझी आई थांबलीये…"