खुंटीला टांगलेला सिनेमा

कुणाला पटो न पटो, घडलं ते असं घडलं. मंगळवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

वायरमन शाळेच्या व्हरांड्यात शिडीवर चढून ट्यूब बदलत होता. फोन आला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा.

“असाल तसे या. वहिनी दुकानासमोर कोसळल्या.”

तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरी आला तर टीव्ही चालूच. पडद्यावर एक बाई जिन्यावर उभी... एक पाय हवेत, तसाच.

त्याला आठवलं. दुपारी दोघं खुनाचा जुना सिनेमा बघत होते. मध्येच शाळेतून बोलावणं आलं आणि बायकोने सिनेमा थांबवला.

“खुंटीला टांगलाय हो. लवकर या. खुनी डॉक्टरच आहे, लावा पैज!”

“छट्! नोकर.”

“हरलात तर महिनाभर भांडी तुमची.”

एकट्याने पुढे बघायचं नाही, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नियम.

सिनेमे सगळे टीव्हीखालच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्याचा पंखा दिवसभर घरघरायचा. वायरमनने तो बंद केलाच नाही. वीज गेली तरी थांबू नये म्हणून बॅटरीला जोडून ठेवला. आठ महिने ती बाई जिन्यावर उभी होती.

मग मुलगी आली. हातात तळव्याएवढा नवा डबा.

“बाबा, सगळे सिनेमे यात इंटरनेटवरून येतात. ते धूड काढा आता. झोप कशी लागते तुम्हाला या आवाजात?”

आवाज होता म्हणूनच लागत होती. पण हे लेकीला कसं सांगणार?

त्याने स्वतःच्या हाताने वायर उपसली. घरघर थांबली. कॉम्प्युटर त्याच दिवशी भंगारात गेला.

मुलीने डब्यावर नवं खातं उघडलं. अर्धवट राहिलेल्या सिनेमांच्या ‘पुढे बघा’ या ओळीत काहीच असायला नको होतं...

एक सिनेमा होता.

तोच. एक तास बारा मिनिटं बघून झालेला.

“बाबा, तुम्ही लावलात?”

“मला अजून हा नवा रिमोट धरता येत नाही, बये.”

“मग काहीतरी गडबड असेल,” म्हणत तिने तो ओळीतून काढून टाकला.

चहा होईपर्यंत परत आला.

मुलगी गेली. वायरमन कामावर जाऊ लागला. रोज दुपारी घरी येऊन बघायचा, तर सिनेमाखालची लाल रेघ थोडी पुढे सरकलेली.

एक तास सोळा.

एक तास तेवीस.

आणि रिमोट पालथा...

बटणांवर धूळ बसते म्हणून रिमोट पालथा ठेवायची सवय त्या घरात एकीलाच होती.

एक तास एकतीसवर त्याचा धीर सुटला. रिकाम्या सोफ्याकडे बघून तो ओरडला, “माझ्याशिवाय पुढे जातेस होय गं? ठरलं काय होतं आपलं?”



त्या दिवसापासून रेघ हलली नाही. अकरा मिनिटं उरली आहेत.

आता दुपारी दार उघडलं की घरघर ऐकू येते. टीव्हीखाली डबा आहे फक्त. त्याला पंखाच नाही, वायरमनने खोलून बघितलाय. तो सोफ्यावर बसतो, रिमोट उचलतो...

घरघर थांबते. कुणीतरी श्वास धरावा तशी.

तो रिमोट खाली ठेवतो. ती पुन्हा सुरू होते.

“लावून टाका ना एकदाचा,” मुलगी फोनवर म्हणते.

“आणि संपल्यावर?”

“जेवलात का?” ती विचारते.

खुनी डॉक्टर की नोकर, हे त्याने कुणाला विचारलेलं नाही. भांडी मात्र तोच घासतो. शेवटची अकरा मिनिटं बघायची राहिली आहेत.