आजोंना टाचणी टोचायला आलेला पाहुणा

"हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी आजवर तोंड उघडलं नव्हतं," आजो म्हणाले.

ऊर्मीने मान डोलावली. आजोंनी कधी तोंड मिटलं होतं, हेच तिला आठवेना. तिच्या मांडीवर काचेची बरणी होती आणि दोन्ही हात बरणीच्या झाकणावर घट्ट. समोर टेबलावर आजोंनी एक बारीक, लांब टाचणी मांडून ठेवली होती. निवृत्त शास्त्रज्ञ आजो आणि त्यांची नात, दोघांचं सकाळपासून बिनसलं होतं ते या टाचणीवरून.

बरणीत भुंगेरा होता. काल काजूच्या ओंडक्यावर तो ऊर्मीलाच सापडला. अंगठ्याएवढा, तपकिरी, पाठीवर हळदीची बोटं उमटावीत तसे पिवळे ठिपके, आणि अंगाच्या दुप्पट लांब शृंगिका (वास आणि स्पर्श ओळखणाऱ्या मिशा). असल्या मिशांमुळेच या कुळाला लांबशिंगी भुंगेरे म्हणतात. आजोंचा यंत्रमानव दामू याने जगभरच्या संग्रहालयांतल्या भुंगेऱ्यांची चित्रं रात्रभर पालथी घातली आणि सकाळी आपल्या कोरड्या आवाजात सांगितलं, "असा दुसरा कुठेच नोंदलेला नाही. नवी प्रजाती."

ऊर्मी अंगणभर नाचली. मग आजोंनी टाचणी काढली, आणि ती नाचायची थांबली.

"फोटो काढ, नाव दे, सोडून दे. मारायचं कशाला?" हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर म्हणून आजोंनी ही गोष्ट काढली होती.

"तुझी आई शाळेत जायची तेव्हाची गोष्ट. मी बागेत बसलो होतो. वरून एक यान उतरलं आणि त्यातून पाहुणा बाहेर आला. दुसऱ्या ग्रहावरचा. सहा पाय, आणि मिशा अशा, की तो अंगणात उभा आणि मिशांची टोकं विहिरीवर."

"बोलायचा कसा?"

"वासाने. फणसाचा वास सोडला की नमस्कार. राग आला की सुकटाचा."

"मग तू कसला वास सोडलास?"

"ते विचारू नकोस. तर हा तिथला मोठा शास्त्रज्ञ. नव्या नव्या प्राण्यांची वर्णनं लिहिणारा. भिंग काढून माझ्याभोवती फिरला आणि लिहू लागला : नवी प्रजाती. दोन पायांची. डोक्याचा वरचा भाग गुळगुळीत व चकचकीत. कानांत दाट लव. पोट गोल, पुढे आलेलं. आवाज सतत."

"शेवटचं लक्षण अचूक आहे," दामू म्हणाला.

"पण आजो, सगळी माणसं टकली कुठे असतात?"

"हेच मी त्याला म्हटलं. तर तो म्हणतो, बरोबर आहे, एकाच नमुन्यावरून लिहिलं की वर्णनात चुका राहतात. म्हणून तर नमुना जपायचा. समज, उद्या तिथल्या कुणी पृथ्वीवरून गोरिला पकडून नेला आणि म्हणाला, हा घ्या माणूस. खरं-खोटं कसं करणार? कागद वाचून नाही. संग्रहालयाचा खण उघडायचा, त्यातला मूळ माणूस बाहेर काढायचा आणि गोरिलाशेजारी ठेवायचा. त्या मूळ नमुन्याला होलोटाइप म्हणतात (ज्या एका नमुन्याशी प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं तो). बाकीचे नमुने कितीही गोळा करा, होलोटाइप एकच."

"आणि फोटो?"

"फोटोत पायाखालची लव मोजता येते का? पोटातले अवयव दिसतात? शंभर वर्षांनी कुणाकडे कसलं यंत्र असेल, त्याला काय तपासायचं असेल, आज कोण सांगणार? खरा नमुना असेल, तर तो तपासू शकेल."

हे ऊर्मीला पटलं. पटलं याचंच तिला वाईट वाटलं. तिने बरणीत पाहिलं. भुंगेरा एक मिशी पायांत धरून सावकाश साफ करत होता.

"मग त्या पाहुण्याने टाचणी काढली. माडाएवढी."

"मग?"

आजोंनी वाटीतले काजू उचलले. गोष्ट आता अशी रंगली होती, की ती कशासाठी काढली होती हे ते पार विसरले.

"मग काय, मी म्हटलं, साहेब, घाई कसली? मी पळतोय कुठे? तुम्ही निवांत मोजमापं घ्या, चित्रं काढा, वर्णन लिहा. म्हातारा होऊन मी आपोआप मरेन, तेव्हा न्या. मेल्यावर मी काही कमी माणूस होणार नाही. पटलं त्याला. फणसाचा वास सोडून निघून गेला."

दामूने आपला दिवा हळूच ऊर्मीकडे वळवला.

"आजो, हा भुंगेरा किती जगतो?"

"पंख फुटल्यावर? फार तर दोनेक महिने." काजू आजोंच्या तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"मग आपणही थांबू. मेल्यावर तो काही कमी भुंगेरा होणार नाही."

आजो खाकरले. "तसं नव्हे गं. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला असाच भुंगेरा सापडला आणि त्याने आधी छापलं, तर त्याचंच नाव चालणार. पहिलं छापलेलं नाव खरं, असा नियमच आहे. तू ठरवलेलं नाव मग जाईल."

ऊर्मीने नाव काल रात्रीच ठरवलं होतं आणि पांघरुणात दहा वेळा पुटपुटूनही पाहिलं होतं. ती बराच वेळ बरणीकडे बघत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "नाव कुणाचंही लागलं तरी मिशा याच्याच राहतील."

"वर्णन लिहायला तसेही दोन महिने लागतील," दामू म्हणाला. "मागच्या भुंगेऱ्याला आजोंनी वर्ष लावलं."

"तुला कुणी विचारलं होतं?"

"आणि तेवढ्यात आपल्याला मादी सापडली तर?" ऊर्मी उठलीसुद्धा. "मादीच्या मिशा आखूड असतात ना? उद्या मी सगळे ओंडके बघते. दामू, याला काजूची ओली फांदी आण, आणि लिहायला घे. पाठीवर पिवळे ठिपके, इथपासून."

दामू फांदी आणायला गेला. आजोंनी टाचणीकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि एक शेवटचा प्रयत्न केला.

"खरं सांगू का, ऊर्मी? त्या पाहुण्याने माझं ऐकलं नव्हतं. टाचणी टोचलीच. आरपार. तिथल्या संग्रहालयात, वरच्या खणात, मी अजून आहे."

"खोटं," ऊर्मी म्हणाली. "होलोटाइप एकच असतो. तू तिथल्या खणात असशील, तर इथे बसून माझ्या वाटणीचे काजू कोण खातोय?"