जयदीपची पाळी

सौदीतल्या यान्बूच्या कामगार कॅम्पात एका पलंगावर दोघे झोपत, पण कधीच एकत्र नाही. रोशन संध्याकाळी रिफायनरीतून परते, तेव्हा जयदीप रात्रपाळीला निघत असे. गाठ पडे ती तेवढीच, दारात.

"ऊब ठेवलीय बघ तुझ्यासाठी," जयदीप हसून म्हणे. मग विचारी, "घरी काय म्हणतायत?" त्याचं स्वतःचं कोणी उरलं नव्हतं. रोशनची बायको रूपाली, चिपळूणचं घर, ओटीवरचा झोपाळा, सगळं तो चवीनं ऐके आणि निलगिरी तेलाचा वास मागे ठेवून बसकडे जाई.

एका रात्री तो कामावरच कोसळला. न्यायला कोणी नव्हतं. कागद होईपर्यंत देह शवागारातच राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी रोशन पलंगावर टेकला. गादी गरम होती.

"सिराजभाई, इथं दुपारी कोण झोपलं होतं?"

"कोण झोपणार?" शेजारच्या पलंगावरून सिराजुद्दीन म्हणाले. "खोलीला कुलूप होतं. आणि तुझी गादी म्हणजे काय मोठी शाही आहे?"

रोज तेच. चादर बदलली, गादी उलटी केली. ऊब माणसाच्या आकाराची होती. खांद्यांशी जास्त, पायांशी कमी. रोशन फरशीवर पडून राही. झोपेविना वेल्डिंगचे जोड बिघडू लागले.

"एक और जोड़ फेल हुआ तो खलास," फोरमननं बजावलं. "सीधा वापस भेजूँगा."

चिपळूणचं घर अजून अर्धवट बांधलेलं होतं. नोकरी जाऊन चालणार नव्हतं. त्या संध्याकाळी रोशननं गरम गादीवर तळहात टेकला.

"जयदीप... माझी नोकरी जाईल रे. तू आता घरी जा, बाबा..."

तळहाताखालची ऊब हळूहळू ओसरली. कोणी सावकाश उठून जावं तशी.

रोशन कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. दुसऱ्या दिवशी एकही जोड बिघडला नाही. कामावरून आल्या आल्या त्यानं घरी फोन लावला.

"आज आवाज बरा वाटतोय तुमचा," रूपाली म्हणाली.

"झोप झाली गं."

"सकाळी काय गंमत झाली, उठले तर तुमच्या बाजूची गादी गरम! जसं काही तुम्ही आत्ताच उठून गेलात. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरंच वाटलं."

रोशन पलंगाच्या कडेवर टेकला.

"आणि अहो, उशीला निलगिरीचा वास येतोय. आपल्याकडे कुठं आहे निलगिरी?"

रोशननं मागे हात नेऊन आपली गादी चाचपली. थंडगार होती.

"रूपाली... आज माहेरी जा झोपायला. आत्ता नीघ."

"एवढ्या उशिरा? काहीतरीच तुमचं... थांबा हं जरा. ओटीवरचा झोपाळा वाजतोय. कोण आलंय, बघते."