ते वाक्य तिचं नव्हतं

चष्म्याच्या दुकानात ती गेली ती मावशीच्या धाकाने. रोज कादंबरीची पानं खरडून डोकं ठणकायचं, आणि मावशीने निकाल देऊन टाकला होता, ‘डोळे तपासून घे, नाहीतर वह्या माळ्यावर.’

डोळे तपासणारा तरुण उंच होता, शांत. बोलण्याआधी क्षणभर थांबायचा. त्याने समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

“शेवटची ओळ वाचा.”

“नदी… पार?”

“तिथे न, भ आणि ट आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “नंबर थोडासाच आहे. बाकी जे काही आहे ते आमच्याकडे तपासत नाहीत.”

ती हसली खरी, पण मनात दचकली. तिच्या कादंबरीतला नावाडी असाच थांबून बोलायचा. धुक्यातून माणसं पलीकडे न्यायचा. तो कुठून आला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आता तोच पांढरा कोट घालून तिच्या नव्या चष्म्याची काडी वाकवत होता!

मग तिचा चष्मा सारखाच बिघडू लागला.

“आठवड्यात तिसऱ्यांदा स्क्रू सैल?” तो म्हणाला. “चष्मा घालता की त्याच्याशी भांडता?”

“तुम्ही नीट आवळत नाही.”

“बरं… मग चहा घेऊ. स्क्रूला जरा विश्रांती.”

दुकान बंद झालं की दोघं चालत चहाच्या टपरीपर्यंत जाऊ लागले. एकदा स्वच्छ आभाळाखाली तो म्हणाला, “पाऊस येणार,” आणि दहा मिनिटांत सर आली. तिच्या अंगावर काटा आला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“गुडघा दुखतो. लहानपणी सायकलवरून पडलो होतो.”

तिचा हिरमोड झाला. घरी येऊन तिने नावाड्याला पाऊस दिला, गुडघा दिला नाही. पण संध्याकाळ झाली की आपण वाट कुणाची पाहतो, हेच तिला उमगेना. नावाड्याला शिंका येत नव्हत्या. याला येत, एकदम पाच-सहा. आणि त्या मोजायला तिला आवडायचं.

एका संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला.

“दुसऱ्या गावातल्या शाखेत बोलावलंय. वर्षभरासाठी. मी… जाऊ का?”

तिने मान वर केली, दूर कुठेतरी पाहिलं. “जाणाऱ्याला काठाने अडवू नये.”

तो कपाकडे बघत राहिला. “असं का,” म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठला.

घरी मावशी भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“काठ म्हणजे कोण गं?”

“मी.”

“आणि तुला तो जायला हवाय?”

काठाचं ते वाक्य तिने गेल्याच आठवड्यात नायिकेच्या तोंडी घातलं होतं. नायिकेला ते शोभलंही होतं. ती तशीच चपला अडकवून निघाली.

दुकान बंद होतं, पण आत दिवा होता; तो खोक्यात भिंगं भरत होता.

“मघाशी मी बोलले ना… ते माझं नव्हतं. कादंबरीतल्या बाईचं होतं.”

“मग तुमचं काय?”

“माझं काही नीट ठरलेलं नाही,” ती म्हणाली. “मला तुम्ही आवडता की मी लिहिलेला माणूस, तेच कधीकधी कळत नाही. त्याला गुडघा नाही, तो शिंकत नाही, आणि त्याच्याशी बोलून मला कंटाळा यायला लागलाय. तू… नको जाऊस.”

त्या ‘तू’वर दोघंही थबकले.

“मालकांना होकार कळवून आलोय,” तो हळूच म्हणाला. “तुझं ऐकूनच. आता फिरवता येणार नाही.”

तिचे डोळे भरून आले. नायिका अशा वेळी काय म्हणाली असती, ते तिला आठवलंही नाही.

“गाडी कधी आहे?”

“रविवारी, सकाळी सात. तीन तासांचा रस्ता आहे. सुट्टीला येईन मी.”

“मी सोडायला येते.”

“दोन बॅगा आहेत, जड आहेत.”

“एक मी घेईन,” ती म्हणाली.

रविवारी ती पावणेसातलाच पोचली, आणि त्यातली जास्त जड होती तीच तिने उचलली.