चकचकीत फरशीवरची दाणादाण

"पकडा! पकडा! भिंतीकडे चाललंय!"

भिंगरीने झेप घेतली, पण उशीर झाला. ड्रोन भिंतीवर आपटलं आणि त्याचे पुठ्ठ्याचे हात मोडून पडले. जुन्या खेळण्यांच्या मोटारी लावून तिच्या आत्याच्या विज्ञानवर्गातल्या टोळीने सुट्टीभर खपून ही स्वस्तातली ड्रोन बनवली होती. रिमोटशिवाय, स्वतःच्या अकलेने उडणारी! कालपर्यंत शहाण्यासारखी उडत होती. आज मात्र एकेकाने माती खाल्ली. आता एकच उरलं होतं आणि ड्रोन बघायला बोलावलेले पाहुणे दारात येऊन ठेपले होते.

"तुम्हीच काहीतरी खुडबुड केली असणार!" सभागृहाचे व्यवस्थापक कडाडले. "हे पडलं, की वर्गाला कुलूप!"

आत्या खाली बसून तुकडे गोळा करत होती. भिंगरीही तिच्या शेजारी वाकून ते वेचू लागली.

"मोटारी ठीक, बॅटरी ठीक," तिचा चष्मेवाला दोस्त ढापण्या रडवेला झाला. "संपलं सगळं!"

"गप रे! सकाळी व्हरांड्यात तर हे छान उडालं होतं!"

भिंगरीने व्हरांड्यात डोकावलं. तिथे तीच जुनी ठिपक्यांची फरशी होती. मग तिने खाली पाहिलं, तर पायाखाली तिचंच तोंड चमकत होतं!

"काका, ही फरशी कालपर्यंत अशी नव्हती!"

"काल संध्याकाळीच चकचकीत पांढरा रंग मारून घेतला," व्यवस्थापक ऐटीत म्हणाले. "एक डाग दाखव!"

"अहो, डागच तर हवेत! ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेरा खालच्या खुणा बघूनच जागा ओळखतो. सगळंच पांढरं, तर त्या बिचाऱ्याने बघायचं काय?"

"अगं, मीच शिकवलं होतं हे!" आत्याने कपाळावर हात मारला.

"पसारा करा!" भिंगरी ओरडली.

दप्तरं, रुमाल, रंगीत कागद, ढापण्याचा एक मोजासुद्धा! बघता बघता फरशी भरली. शेवटचं ड्रोन उडालं. पसाऱ्यावरून कसं सरळ चाललं! पण कोपऱ्यात फरशी उघडीच राहिली होती. तिथे पोचताच ते डगमगलं आणि भिंतीकडे सरकू लागलं. टोळीजवळ टाकायला काहीच उरलं नव्हतं. आत्याने डोळे मिटून घेतले.

इतक्यात एक चौकडीचा कोट भिंगरीच्या डोक्यावरून गेला आणि बरोबर ड्रोनखाली पडला. ड्रोन सावरलं, वळलं आणि अलगद उतरलं!

"शाबास, पोरांनो!" दारात उभ्या असलेल्या पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आत्याने भिंगरीला घट्ट कवटाळलं. ती हसतही होती आणि रडतही होती.

कोटाविना, नुसत्या सदऱ्यात उभे असलेले व्यवस्थापक खाकरले.

"पोरी, चूक माझीच. विचारायला हवं होतं. उद्या वर्ग किती वाजता? कोट घेऊन येतो."