चिमणीचे अठरा फोटो

सकाळी पावणेदहाला मी स्टुडिओत शिरले, तर माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसलेला! खुर्ची माझी, कॉम्प्युटर माझा, आणि खुर्चीच्या पाठीवरची माझी शाल त्यानं चक्क घडी घालून बाजूला ठेवलेली. वर हसून म्हणतो कसा, "या ना, बसा!"

"कुठे बसू? तुमच्या मांडीवर?"

तोंडातून निघून गेलं. त्याचे कान लालबुंद झाले... माझेही झाले असणार, पण मी रागात होते म्हणून खपून गेलं.

हाच तो नवा फोटोग्राफर, काल मी सुट्टीवर असताना रुजू झालेला. आमच्याकडे तान्ह्या बाळांचे फोटो काढतात. प्रत्येक बाळाचा एक फोल्डर. बाळ पुन्हा आलं की नवे फोटो त्याच फोल्डरमध्ये घालायचे. तीन वर्षं हे फोल्डर मी डोळ्यांत तेल घालून सांभाळतेय.

"काल चिमणी आली होती," तो म्हणाला. "तुमचं काम हलकं व्हावं म्हणून तिचे फोटो मीच आज लवकर येऊन तिच्या फोल्डरमध्ये घातले."

मी फोल्डर उघडला. सहा महिन्यांची चिमणी, दोन दात दाखवत खिदळत होती. छान. पण तिच्या पहिल्या भेटीचे अठरा फोटो?

"तिथंच असतील की."

"नाहीत!"

"कॉम्प्युटरनं विचारलं होतं मला..." त्याचा आवाज बारीक झाला. "'या नावांचे अठरा फोटो आधीच आहेत. बदलू?' मी हो म्हटलं. मला वाटलं, नावं बदलून देतोय. मनात म्हटलंसुद्धा — किती समजूतदार आहे!"

"फोटो बदलू का, असं विचारत होता तो! जुने काढून नवे ठेवू का!"

"मग तसं सरळ म्हणायला काय झालं होतं त्याला?"

मला हसू आलं असतं, पण डोळ्यांत पाणी आलं. त्याचा कॅमेरा नवा. त्याची मोजणी एकपासून सुरू, चिमणीच्या जुन्या फोटोंचीही एकपासून, म्हणून नावं तीच. आणि दुसऱ्या डिस्कवर सकाळी साडेनऊला आपोआप नक्कल होते, तिनंही इमानेइतबारे नवेच फोटो उतरवून घेतले होते.

चिमणी दिवस भरायच्या दोन महिने आधी जन्मली. दवाखान्यातून सुटल्यावर तिची आई तिला थेट आमच्याकडे घेऊन आली होती. तोवर भीतीपोटी तिनं लेकीचा एकही फोटो काढला नव्हता. "ही वाचली, एवढीशी होती ती वाचली, हे तिला मोठेपणी दाखवायचंय," असं म्हणाली होती. भिंतीवर लावायचा फोटो निवडायला ती आज चार वाजता येणार होती. आणि मी तिला काय सांगितलं होतं? काळजी करू नका, ते माझ्याकडे आहेत.

मालकीणबाईंनी ऐकलं आणि माझ्यावरच घसरल्या. "फोल्डर तुझे, जबाबदारी तुझी!"

"बाई, यांना बोलू नका. चूक माझी आहे," तो मध्ये पडला.

त्या गेल्यावर मी त्याच्यावर उखडले. "माझी वकिली करायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. कार्डांचा खण कुठला, तेवढं सांगा. मग हवं तेवढं भांडा."

खणात कॅमेऱ्याची सव्वीस कार्डं, सगळी पुसलेली. त्यानं एक स्टूल ओढलं, माझी खुर्ची मला दिली आणि एकेक कार्ड लावत बसला.

"पुसलेलं कार्ड कोरं नसतं हो," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "वर दुसरं काही येईपर्यंत जुनं आत तसंच असतं."

"कार्डाबद्दलच बोलताय ना?"

"...सध्या तरी."

इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता! मी खुर्ची वीतभर लांब सरकवली. तीन कार्डांनंतर पडदा नीट दिसेना, म्हणून परत जवळ घेतली. पडद्यासाठीच!

एकोणिसाव्या कार्डावर चिमणी सापडली. अठरापैकी अकरा, सातांवर दुसरं बाळ येऊन गेलेलं. पण हे अकरा मूळ फोटो होते, मी कात्री लावण्यापूर्वीचे. त्या दिवशी तिच्या आईचे हात थरथरत होते, म्हणून चिमणीला मी धरलं होतं. माझे तळवे, माझी बट, माझी वाकलेली मान... सगळं त्यात होतं.

तो एकेक फोटो मोठा करून बघू लागला.

"स्वतःला सगळीकडून कापलंत तुम्ही?"

"कामच आहे ते माझं. लोक बाळ बघायला येतात, मला नाही!"

"लोकांचं ठीक आहे..." तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडून दिलं. अर्धी वाक्यं सोडणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. पुढचं आपण मनात घोळवत बसायचं!

चार वाजता चिमणीची आई आली. मी तोंड उघडायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं. आपण काय दाबलं, सात फोटो कायमचे गेले, सगळं. ती खाली बसली. रडली. तिनं त्याला माफ वगैरे केलं नाही, "असं कसं केलंत हो तुम्ही!" एवढंच म्हणाली, आणि तो मान खाली घालून उभा राहिला. मग तिनं अकरा फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि एकावर बोट ठेवलं. माझ्या तळव्यांत मावलेली चिमणी.

"हाच. हात कापू नका. हातामुळे कळतंय, केवढीशी होती ते."

ती गेली. मी शाल उचलली. तो अजून स्टुलावरच.

"यातला एक मी ठेवू का? तुमची मान दिसते तो..."

"कोणत्या हक्कानं?"

"हक्क नाही, म्हणून तर विचारतोय."

"फोटो कशाला हवाय? रोज आठ तास शेजारीच बसणार आहात ना?"

"आठ तासांनंतरचं काय?"

आगाऊपणाची हद्द झाली! मी रागातच कॉम्प्युटर बंद केला, रागातच पर्स खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेले. पावलं ऐकू येईनात, तशी वळले.

"आता चला की! का माझ्यासोबत चालायचं कसं, हेही मीच शिकवू?"