पिवळ्या सोफ्याची जाहिरात

सांगतो, पण हसायचं नाही हं.

काकाच्या सोफ्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती. मोबाइलवर बघतात तसली, चुटकीसरशी संपणारी. काकू गेल्यापासून तिकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं आणि काकाने ‘आता शटर कायमचं ओढतो’चा धोशा लावला होता.

भर दुपारी शूटिंग उरकलं आणि घरी येऊन एडिटिंगला बसलो. अशा जाहिरातीत सुरुवातीलाच काहीतरी हललं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याचा अंगठा पुढे सरकलाच म्हणून समज. आणि सोफे कसले हलतायत! ढिम्म. मी रिकामे तुकडे कापत सुटलो. त्यातल्या एका तुकड्यात पिवळ्या सोफ्याची गादी दबली. कुणीतरी बसावं तशी. वर आली... पुन्हा दबली.

खोलीत लख्ख ऊन होतं, तरी अंगावर काटा आला. आवाज वाढवला. स्प्रिंगची कुरकुर, आणि मागोमाग अगदी हळू, समाधानाचा उसासा...

काकाला बोलावून दाखवलं.

“दोनदा उसळी मारून दाखवायची तुझी काकू,” तो हलकेच म्हणाला, “गिऱ्हाइकाला...” मग डोळे पुसत खो खो हसत सुटला. “बाईला अजून दुकान सोडवत नाही! हेच आधी लाव.”

लावलं. गादी दबते नेमक्या तिथेच तबल्याचा ठोका बसवला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बसून तर बघा!’ जाहिरात अशी पसरली म्हणतोस! ‘ही करामत केली कशी?’ विचारत लोक दुकानात येऊ लागले. काका शीळ घालत सोफे विकू लागला. पिवळा सोडून सगळे.

काल दुसऱ्या जाहिरातीचं शूटिंग केलं. पडद्यावर पुन्हा काकूची गादी दबली. आणि तिच्या शेजारची पण.

“काका, हे दुसरं कोण?”

“मी तर तुझ्याजवळ उभा होतो...” त्याने डोकं खाजवलं. “असू दे रे. तिला गप्पांना माणूस लागायचंच.”

आम्ही दोघंही हसलो. पडद्यावर काकूची बाजू वर आली. शेजारची काही आली नाही.

आज सकाळी दुकान उघडलं, तर शेजारच्या गादीतला तो खळगा तसाच होता. मी हात ठेवून पाहिला.

उबदार होता.